आईच्या चष्म्याचं गुपित

ठोंब्याने चुगली का केली नाही, हे कोडं शाल्मलीला काही केल्या सुटेना.

ठोंब्या म्हणजे शाळेने घरी पाठवलेला वाचनसोबती यंत्रमानव. हे नाव तिनेच रागाने ठेवलेलं. वयाचं दहावं वर्ष संपत आलं तरी पुस्तकातली अक्षरं तिला दाद देत नव्हती. म्हणून पठ्ठीने बाबांकडून नदीचा धडा दोनदा वाचून घेतला आणि ठोंब्यासमोर घडाघडा म्हणून दाखवला. पण समोर उघडलेला होता मुंग्यांचा धडा. ठोंब्याचा हिरवा दिवा लुकलुकला आणि तो इतकंच म्हणाला, "छान पाठ आहे."

तेव्हापासून तिला त्याचा दाट संशय. आई ड्रोन दुरुस्त करायची, नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायची. रोज दुपारी ती ठोंब्याला कामाच्या खोलीत नेऊन दार लावून घेई. समोर बोलला नाही, तरी आत नक्कीच तो तिच्या चुकांची यादी देत असणार. मग आई तिला लांबच्या वसतिगृहात धाडणार. शेजारच्या निमकरकाकूंनी तसं सुचवलंही होतं.

शनिवारी तिने दाराला कान लावला. आत कुणीतरी अडखळत वाचत होतं. "मुं... मुंग्या... रां... रांगेत..." तिने दार ढकललं. पुस्तक आईच्या मांडीवर होतं आणि चष्मा डोळ्यांवर. चष्मा सापडत नाही म्हणून प्रत्येक कागद बाबांच्या हातात देणारी आई ती हीच.

"मला वसतिगृहात पाठवणार ना तू?" शाल्मली रडवेली झाली.

आईने तिला जवळ ओढलं. "कुठे पाठवते गं तुला? मलाही वाचायला जमत नाही. लाज वाटायची, म्हणून चष्म्याची थाप मारायचे. तुला मदत करायची तर आधी मी शिकायला हवं."

मग ठोंब्याने समजावलं. याला डिस्लेक्सिया (वाचन शिकण्यातली अडचण) म्हणतात. पुष्कळदा ती आईवडिलांकडून मुलांत येते. डोळे ठीक असतात, बुद्धीही. फक्त अक्षराचा आकार आणि त्याचा आवाज यांची मेंदूत गाठ पडायला वेळ लागतो. शब्दाचे आवाज सुटे करत, अक्षर बोटाने गिरवत रोज थोडं वाचलं, की ती वाट हळूहळू रुळते.

"आणि माझी चोरी? ती नाही सांगितलीस?" तिने अजूनही संशयानेच विचारलं.

"बाबा वाचत होते ते मीही ऐकलं. दोनदा ऐकून अख्खा धडा पाठ. मी लिहून ठेवलं, कान आईसारखेच तल्लख. आपण तिथूनच सुरुवात करू."

संध्याकाळी आईच्या डिजिटल पाटीवर शाळेचं पत्र आलं. बाबांनी सवयीने हात पुढे केला. आईने पाटी दिली नाही.

"थांबा," ती म्हणाली, "आम्ही दोघी वाचतो. जरा वेळ लागेल."