एक चौकट सोडून

रजई विकत घ्यायची नसेल तर ती अशी अंगठ्याने दाबून बघू नये, हे तिलाही कळत होतं. तरी दुकानातली एकेक रजई तिने दाबून पाहिली, फुगवट्यावरून बोट फिरवलं आणि शेवटी पिशवीतून भिंग काढून डोळ्याला लावलं. तेव्हा मात्र कोपऱ्यात टाके घालत बसलेल्या तरुणाला राहवेना.

"ढेकूण शोधताय?" त्याने विचारलं.

ती कानापर्यंत लाल झाली. मग सांगावंच लागलं... समोरच्या बाजूला आत्याचा दागिन्यांचा कारखाना आहे, ती तिथे अंगठ्या घडवते, आणि एका रुंद अंगठीवर रजईसारखी नक्षी हवी आहे. मेणाचा पहिला नमुना कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखा झाला. दुसरा बिस्किटासारखा. आत्याने तो भिंगातून बघून विचारलं होतं, हा चहात बुडवायचा का? अंगठी कुणाची आणि कशासाठी, हे मात्र ती बोलली नाही. गिऱ्हाइकाची गोष्ट कामाच्या मेजाबाहेर जाता कामा नये, असा आत्याचा दंडक होता.

तो हसला, पण टिंगल केली नाही. शेजारची उशी झटकून त्याने तिला बसायला जागा दिली आणि एक तुकडा हातात ठेवला.

"तुम्ही आधी रेघा कोरताय. तसं नको. आधी कापूस फुगू द्या. टाका त्याला नुसता जागेवर धरून ठेवतो. टाका नसला, की कापूस सगळा पायाशी गोळा होतो."

परत येऊन तिने मेणाचे छोटे छोटे फुगवटे आधी उभे केले आणि रेघा त्यांच्यामध्ये आपसूक पडू दिल्या. आत्याने भिंग लावलं आणि चहाचं नाव काढलं नाही.

काम तिथेच संपायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिला प्रश्न पडला, की तिरक्या चौकटी काठाशी कशा संपवायच्या. मग नवा प्रश्न पडला, मग आणखी एक. खरे प्रश्न संपले तेव्हा ती खोटे घेऊन जाऊ लागली, आणि तोही त्यांची मन लावून खोटी उत्तरं देऊ लागला. एकदा दोघांचे हात एकाच रिळाकडे गेले. "सांभाळ, सुई टोचेल तुला," तो म्हणून गेला... आणि 'तुम्ही'चं 'तू' झालेलं दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या दिवशी ती रस्ता ओलांडताना स्वतःशीच हसत होती, त्यामुळे एका सायकलवाल्याने तिला वेड्यात काढलं.

मग चांदीचा नमुना तयार झाला. रुंद अंगठी दिसते छान, पण उकाड्यात बोटाला आवळते, काठ कशातही अडकतात. म्हणून सोन्यात करण्याआधी असा नमुना आपल्याच बोटात घालून काही दिवस वावरायचं, ही कारखान्याची रीत. आत्या तीन-तीन अंगठ्या घालून भाजी आणायला जायची. नेहमीच्या सवयीने हिनेही अंगठी घातली आणि विसरून गेली. कुठल्या बोटात आहे, याचा विचारही केला नाही.

ती विसरली, पण रजईचा धागा विसरला नाही. पुढच्या खेपेला दुकानात तो अंगठीच्या काठात अडकला. सोडवायला रजईवाला तिच्या हातावर वाकला... आणि तसाच थांबला.

"छान आहे," तो म्हणाला. "जमली शेवटी."

"तुमच्यामुळेच," ती खुशीत म्हणाली. बिचारी.

दुसऱ्या दिवसापासून तो तिला 'मॅडम' म्हणू लागला. उशी कुणी झटकेना. उत्तरं खरी आणि आखूड मिळू लागली. तिचं डोकं चालेना. आपण काय बोललो? काय केलं? आपल्याला पॉलिशचा वास येतो का, असंही तिने आत्याला विचारून पाहिलं. आत्या म्हणाली, येतो, लहानपणापासून येतो.

यथावकाश सोन्याची अंगठी झाली, गिऱ्हाईक आनंदाने घेऊन गेलं. चांदीची खणात पडली. आता रस्ता ओलांडायला खोटंसुद्धा कारण उरलं नव्हतं, आणि ती गेली नाही तर तो येणार नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण तो आला. खांद्यावर भलीमोठी रजई घेऊन आला आणि ती मेजावर ठेवून खाली बघत म्हणाला, "तुमच्यासाठी... म्हणजे तुम्हा दोघांसाठी. लग्न ठरलं म्हणून."

मग त्याची नजर तिच्या रिकाम्या बोटावर गेली आणि चेहरा उतरला. "अरेरे. मोडलं का?"

"काय मोडलं?" तिला काही म्हणजे काही कळेना.

आत्याने भिंगावरून डोळा न काढता खण ओढला आणि चांदीची अंगठी मेजावर ठेवली. "ही नमुन्याची. आम्ही सगळ्याच घालून बघतो. काल माझ्या बोटात दोन होत्या," ती म्हणाली, आणि मागच्या खोलीत भट्टीपाशी काहीतरी काम आठवल्यासारखं करून उठून गेली.

आता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणून मॅडम?"

"दुसऱ्याच्या होणाऱ्या बायकोला 'तू' कसं म्हणणार?"

तिला हसू येत होतं आणि रडूही. हाताला काम हवं म्हणून तिने रजई उलगडली. चौकटी अशा सुरेख, की अंगठीवरच्याही फिक्या वाटाव्यात. फक्त कोपऱ्यातली एक शिवायची राहिली होती.

"ही विसरलात."

"विसरलो नाही." तो अडखळला. "शेवटची शिवली असती तर रजई तुमची झाली असती. दोघांची. हात चालेना... तू आवडतेस मला. आता नेतो परत."

तिने कोपरा घट्ट धरून ठेवला. "टाका नसला तर कापूस पायाशी गोळा होतो ना? आणि मला एकटीला ही फार मोठी होईल."

समजायला त्याला जरा वेळच लागला. मग खिशातून सुई-दोरा निघाला, पाठोपाठ त्याचं पितळी अंगुस्तान. सुई बोटाला लागू नये म्हणून ते मधल्या बोटात घालतात. त्याने ते तिच्या अंगठीच्या बोटात घातलं.

"घाल टाका," तो म्हणाला.

अंगुस्तान चांगलं दोन मापं सैल होतं. तिने ते बघताक्षणी ओळखलं, आणि बोट किंचित वाकवून ते पडू दिलं नाही.