खिडकीखालची खाट

जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज मुळातच बारीक, आणि ही गोष्ट काही मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

त्या दुपारी मी नेहमीसारखाच लेकीचा डबा आणि थर्मासभर गरम पाणी घेऊन दवाखान्यात गेलो होतो. माझी नात, आमची चिमणी, न्यूमोनियानं तिथं निजली होती. अजून दातही यायचे होते तिला. बाहेर धुळीचं वादळ उठलं होतं. लहान मुलांच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतलेल्या, त्यामुळे भरदुपारी आत पिवळट अंधार. फिनेलचा वास, आणि त्याच्याखाली दबलेला आंबलेल्या दुधाचा.

खोलीत ऑक्सिजनचं यंत्र होतं. ते खोलीतलीच हवा ओढायचं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचं आणि भिंतीवरच्या पेटीतून चार नळ्यांनी चार खाटांना वाटायचं. प्रत्येक नळीला एक चावी आणि पाण्याची एक बाटली. बाटलीत बुडबुडे आले की समजायचं, पोराला हवा पोचतेय.

"कुरकुरतं फार," मी म्हणालो.

"म्हातारं झालंय, आजोबा," सिस्टर हसल्या. "पण कुरकुरणारेच कामाला येतात. दुसरं तरणंताठं आहे, ते एका फिल्टरवाचून कोपऱ्यात रुसून बसलंय."

तीन खाटांवर पोरं होती. खिडकीखालची चौथी रिकामी. तिच्यावर चादर ताणून घातलेली. पण तिच्याही बाटलीत बुडबुडे येत होते. हळूहळू, एकेक.

"त्या रिकाम्या खाटेला हवा कशाला?" लेकीनं विचारलं. कित्येक रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. चिमणीच्या बरगड्या दर श्वासाला आत ओढल्या जात होत्या.

सिस्टरांचं हसू मावळलं. "असू द्या तशीच, ताई. जराशी सोडून ठेवायची रीत आहे आमची. हात लावू नका."

त्या औषध आणायला बाहेर गेल्या.

"रीत म्हणे! माझं लेकरू तडफडतंय आणि ह्यांचा दानधर्म चाललाय." लेक उठली. मी "पोरी, थांब…" म्हणेपर्यंत तिनं चौथी चावी घट्ट बंद केली.

कुठल्या आईनं केली नसती?

चौथ्या बाटलीतले बुडबुडे थांबले. चिमणीच्या बाटलीला जोर आला. बघा, म्हणाले नव्हते का, अशा नजरेनं लेकीनं माझ्याकडे पाहिलं.

मग तो आवाज आला. चुटूक… चुटूक… अंगावर पिणारं बाळ करतं, तसा. खिडकीखालून येत होता. चादरीवर एक सुरकुती नव्हती.

चिमणीची बाटली शांत झाली. यंत्र कुरकुरत होतं, त्याचा दिवा हिरवाच होता. पण बाटलीतलं पाणी उलटं, पेटीकडच्या नळीत वर चढायला लागलं. पलीकडून कुणीतरी चोखत असावं, तसं. दर चुटूकला थोडं थोडं.

चिमणीचे ओठ जांभळे पडले.

"बाबा… बाबा, हिच्याकडे बघा…"

मी धावत जाऊन चौथी चावी धरली. ती हलेना. लोखंडाची चावी, पण हाताला कोमट लागली. आणि ओली.

लेकीच्या किंकाळीनं सिस्टर धावत आल्या. त्यांनी यंत्राकडे पाहिलं नाही, चिमणीकडे पाहिलं नाही. रिकाम्या खाटेवर वाकून त्यांनी चादरीवर हात ठेवला.

"देते… देते हं, राजा. रुसू नकोस."

मग चावीला त्यांचं बोट लागलं मात्र, ती अलगद फिरली. चौथ्या बाटलीत बुडबुडे उसळले, अधाशासारखे. चिमणीचं पाणी अजून वरच होतं.

"सिस्टर, माझं बाळ…"

"आधी ह्याचं होऊ द्या, ताई."

आम्ही थांबलो. दुसरं काय करणार? हळूहळू ते उसळणं मंदावलं. चिमणीच्या नळीतलं पाणी खाली उतरलं, पहिला बुडबुडा आला, आणि तिचे ओठ परत गुलाबी झाले.

सिस्टर खाटेच्या कडेला टेकल्या. "हे यंत्र यायच्या आधी सिलिंडर शहरातून यायचे. एकदा रस्ता तुटला, ट्रक आलाच नाही. सिलिंडर एक, पोरं दोन. ज्याची आशा कमी, त्याची नळी काढायचं ठरलं…" त्यांनी आपल्याच हाताकडे पाहिलं. "आता सगळ्यांना पुरतं, आजोबा. पण हे त्याला कोण सांगणार?"

चिमणी बरी झाली. आता घरभर धावते, माझी काठी पळवते.

गेल्या थंडीत तिला जरासा खोकला झाला. ती झोपल्यावर लेक तिच्या छातीला कान लावून बसली. बराच वेळ बसली.

"बाबा, तुम्ही ऐका जरा."

मी कान लावला. घरघर नव्हती. श्वास आत गेला. मग, बाहेर न येताच, आणखी एकदा आत गेला. बाहेर मात्र एकदाच आला.

"छान चाललाय श्वास," मी म्हणालो.

लेक माझ्याकडे बघत राहिली.

"कुणाचा?" तिनं हळूच विचारलं.