डावीकडचा ब्रेक

गाडी सुरू करताना धक्का बसला की मी विद्यार्थ्याला सरळ इंजिन बंद करायला लावायची. क्लच असा सुटला पाहिजे की मागच्या सीटवर झोपलेलं मूलही जागं होता कामा नये, हे माझं ठरलेलं वाक्य. घाबरटांसाठी दुसरं एक होतं: "ब्रेक माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त रस्ता बघा." अर्धं आयुष्य मी लोकांना गाडी शिकवली, आणि त्या वाक्यापायी माझं नाव ब्रेकबाई पडलं. पाठीमागे म्हणायचे, पण मी काय बहिरी होते?

शिकवणं थांबवलं तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी मीच घेतली. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, शिक्षकासाठी. डावा ब्रेक दाबला की उजवाही त्याच्याबरोबर खाली जातो, आणि चालवणाऱ्याला पायाखालची पायरी नाहीशी झाल्यासारखं वाटतं. निरोप घ्यायचा म्हणून मी डाव्या पेडलांना नवं रबर बसवलं आणि ती तशीच राहू दिली. कुणाला त्रास होता त्यांचा?

यंदा लायसन्स संपलं. सत्तरी उलटली की आमच्या आरटीओ कचेरीत नुसतं नूतनीकरण होत नाही. डोळे तपासतात, आणि पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते. जिनं निम्म्या गावाला स्टिअरिंग धरायला शिकवलं तिचीच परीक्षा! हसले खरी, पण नापास होऊन चालणार नव्हतं. वर्षापूर्वी ह्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं मोजक्या शब्दांवर आलं. एक दिवसाआड त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागतं. लायसन्स मिळालं नाही तर गाडी विका, घराला कुलूप लावा आणि आमच्याकडे या, असा मुलाचा धोशा होता. मुलगा वाईट नाही, सून तर त्याच्याहून बरी. पण ह्यांना सकाळी आपल्याच खिडकीशी बसायचं असतं, आणि मला माझ्या स्वयंपाकघरात कुणाला न विचारता डबे हलवायचे असतात. लायसन्स गेलं की घर गेलं.

हे गाडीत बसायचे मात्र विचित्र. डाव्या सीटवर पार दाराला चिकटून, चांगला पाय पोटाशी ओढून आणि लुळा पाय हातानं उचलून बाजूला घेऊन. मी म्हणायची, अहो, पसरा की पाय, जागेचं भाडं थोडंच द्यायचंय? ते नुसती मान हलवायचे. दवाखान्यातली मुलगी त्यांना मोजायला शिकवत होती. हात किती, पाय किती. तिच्यापुढे ते बरोबर सांगायचे, दोन. गाडीत मी विचारलं की आपल्या पायांशी बघत, बोट नाचवत म्हणायचे, "चार." दोन तुमचे, दोन माझे, शाबास, असं म्हणून मी गिअर टाकायची.

डोळ्यांची तपासणी निर्विघ्न पार पडली. गाडीची परीक्षा कचेरीमागच्या मोकळ्या मैदानावर होती. पांढऱ्या रेघा, प्लॅस्टिकचे शंकू, एक छोटा चढ. परीक्षक माझ्या मुलाच्या वयाचा, कपाळावर कायमची आठी. तो डावीकडे बसला, खाली बघून त्यानं विचारलं की ही पेडलं चालू आहेत का. आहेत म्हटलं. मग बरंच आहे, म्हणाला, आणि मला दाबायची वेळ आली तर काय ते तुम्हाला सांगायला नको. नापास. हा नियम त्याच्या जन्माआधीपासून मी लोकांना सांगत आले होते.

वळणं झाली, चढावर थांबून निघणं झालं, मागे घेणं झालं. शेवटचा सरळ पट्टा उरला होता. समोर कुत्रंसुद्धा नव्हतं.

आणि माझ्या पायाखालून ब्रेक खाली गेला.

गाडी जागच्या जागी थांबली. सीटबेल्ट खांद्यात रुतला, टायर जळल्याचा वास आत आला. माझं डोकंच फिरलं. मी ओरडलेच, "कशाला दाबलात?"

"मी कुठे दाबलाय?"

मी त्याच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय त्यानं सीटखाली ओढून घेतले होते. त्याच्या पुढ्यात डावा ब्रेक पार तळाला टेकलेला होता, आणि त्यावर कुणाचाही पाय नव्हता. आम्ही दोघंही बघत राहिलो. मग ते पेडल वर येऊ लागलं. स्प्रिंगनं उसळून नाही, तर टाच टेकवून शिक्षक पाय सैल सोडतो तसं, हळूहळू.

दोन्ही ब्रेक जोडणारी दांडी अडकली असेल, असं मी म्हणाले. ती दांडी मी कितीदा तरी उघडलेली बघितली आहे. ती अशी अडकत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि मला भीती वाटली.

परीक्षक उतरला तो पुन्हा बसलाच नाही. राहिलेलं बाहेरून बघतो म्हणाला. मी एकटीनं पट्टा पुरा केला, शंकूला धक्कासुद्धा लावला नाही. त्यानं मला पास केलं, पण एका अटीवर: डावीकडची पेडलं काढून गाडी आणून दाखवायची, मगच लायसन्स हातात पडेल. मी निघाले तशी त्यानं खिडकीत वाकून विचारलं, "ह्या सीटवर कोण बसतं, बाई?"

"माझे मिस्टर."

"त्यांना मागे बसवत जा."

गॅरेजवाल्यानं दुपारीच पेडलं काढली. दांड्या ठणठणीत आहेत म्हणाला. मग ब्रेकचं रबर उजेडात धरून त्यानं मला विचारलं की शिकवणं पुन्हा सुरू केलं की काय. रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. मी ते त्याच्या हातातून घेतलं नाही.

लायसन्स मिळालं. मुलाला फोन केला, तर तो एवढंच म्हणाला, बरं. जिंकल्याचा आनंद लपवायचा नसतो, मी रात्री ह्यांना दोनदा लायसन्स दाखवलं.

सकाळी दवाखान्यात निघालो. मागच्या सीटवर चढणं ह्यांना जमत नाही, म्हणून पुढेच बसवलं. त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी चांगला पाय लांब केला, लुळा पाय त्याच्या शेजारी आणून ठेवला, आणि सीटवर ऐसपैस टेकले. माझे डोळे भरून आले. पाय किती, म्हणून विचारलं.

"दोन."

एवढंसं काम आधीच का नाही केलं, असं मनाशी म्हणत मी निघाले.

उताराच्या तोंडाशी सिग्नल लागला. खाली चौक, चौकात आडवी जाणारी वाहनं. मी क्लच आणि ब्रेक दाबून थांबले. पायाला अडचण होत होती. सीट पुढे सरकली असेल, असं वाटलं. मी पाय जरा उजवीकडे घेतला, तर घोटा कशाला तरी लागला. बुटाची नाडी असेल.

हे पुन्हा दाराकडे सरकले होते.

"काय झालं हो?"

ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. माझ्या पायांशी बघत होते. चांगल्या हाताचं बोट वर झालं, दवाखान्यातल्या मुलीनं शिकवलं होतं तसं, एकेक सावकाश.

"एक. दोन."

"हो, माझेच आहेत ते."

"तीन," हे म्हणाले. "चार."

सिग्नल हिरवा झाला. मी दोन्ही पेडलं जीव खाऊन दाबून धरली. माझ्या तळव्यांना रेटत ती वर आली, आधी ब्रेक आणि मग क्लच. गाडी निघाली. मागच्या सीटवर झोपलेलं मूलही जागं झालं नसतं, इतकी अलगद.