गुंडूतात्यांचा हप्ता

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे. माझ्या मावसबहिणीच्या, संयोगिताच्या बाबतीत. गेल्या वर्षी गौरी-गणपती होऊन गेल्यावर, नेसरीजवळच्या एका मळ्यात.

गावात तिचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. शेतकऱ्यांच्या सरकारी हप्त्याची कामं तीच करते.

मळ्यात राहणाऱ्या गुंडूतात्यांना हा हप्ता यायचा. उन्हाळ्यात तात्या वारले. संयोगितानंच त्यांचं नाव कमी केलं आणि त्यांच्या बायकोचा, बयाबाईंचा, अर्ज भरला. तो मंजूरही झाला. राहिली होती फक्त मोबाईलवर चेहऱ्याची पडताळणी. गुडघ्यांमुळं म्हातारीला गावात येणं जमेना. मुदत संपत आलेली. म्हणून एके दिवशी ऊन कलल्यावर संयोगिता स्वतःच मळ्यात गेली.

अंगणात पाय ठेवला आणि तिला कसंतरीच झालं.

वारा पडला होता... उसाचं पानही हलत नव्हतं.

एरवी अंगावर धावून येणारं कुत्रं गोठ्याच्या कोपऱ्यात दबून बसलेलं. भुंकलंसुद्धा नाही.

तिनं बयाबाईंना भिंतीला टेकवून बसवलं. मोबाईल समोर धरला.

स्क्रीनवर अक्षरं आली... ‘एका वेळी एकच चेहरा दाखवा.’

तिनं मोबाईल बाजूला करून पाहिलं. म्हातारी, आणि मागं भिंत. भिंतीवर साधा फोटोही नव्हता.

परत धरला.

आता चेहरा पकडणारा गोल बयाबाईंच्या तोंडावर बसला. मग हळूहळू सरकायला लागला... खांद्याच्या बाजूला... वर...

उभ्या माणसाचं तोंड जिथं यावं, तिथं जाऊन थांबला.

रिकाम्या भिंतीवर.

‘डोळ्यांची उघडझाप करा.’

बयाबाई तर पदरानं डोळे पुसत होत्या. तरीही गोल हिरवा झाला...

मग आलं, ‘चेहरा जुळत नाही.’

संयोगिता एकदा मोबाईलकडं, एकदा भिंतीकडं बघायला लागली. म्हातारीनं ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “ते हाईत न्हवं हितं उभं. नाव गेल्यापास्नं लई मनाला लावून घेतलंय त्यांनी.”

संयोगितानं चपलाही घातल्या नाहीत. बांधावरून अनवाणी धावत सुटली. सगळा ऊस स्तब्ध होता. फक्त तिच्या शेजारची एकच सरी सळसळत होती...

पार डांबरी रस्त्यापर्यंत.

त्यानंतर ती तापानं अंथरुणाला खिळली. उठून केंद्रात बसायला लागली, तेव्हा मुदतीच्या शेवटच्या दिवशी बयाबाईंचा पुतण्या जोतीराम म्हातारीला गाडीत घालून घेऊन आला. या खेपेला पडताळणी पहिल्याच फटक्यात झाली. गोल जागचा हलला नाही. संयोगिताला हायसं वाटलं.

निघताना बयाबाईंनी तिचा हात धरला.

“नाव कुनी काढलं म्हनून रोज इचारायचे. काल सांगून टाकलं बघ. आपल्या संयोगितानं, म्हनलं.”

संयोगितानं कसंबसं विचारलं, “मग?”

“काठी घेतली आन् भायेर पडलं. कालपास्नं घरात न्हाईत.”

केंद्र आजही चालू आहे. पण संयोगिता तिथं एकटी बसत नाही.

परवा मी तिच्याकडं गेले होते. दार उघडलं तिनं, पण मला आत घेईना. माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिली. मग हळूच विचारलं, “तुझ्यासंगट कोण आलंय?”

मी एकटीच गेले होते...