काळ्या फियाटचं बॉनेट

“खबरदार अकिला! त्या बॉनेटला हात लावलास तर!...”

सांगलीतल्या आपल्या गॅरेजात याकूब मिस्त्री गरजले आणि त्यांच्या लेकीची, अकिलाची बादली जागीच थबकली. आठ वर्षं!... आठ वर्षं हाच अविश्वास ती काळजावर झेलत होती. अब्बांनी ऐन तारुण्यात स्वतःच्या हातानं रंगवलेली ही फियाट धाकट्या अजमलनं आपल्या लग्नाच्या आदल्या दिवशी चमकवायला घेतली, आणि कोरड्या घासपेपरनं बॉनेट ओरबाडलं. पाण्याचा थेंब न घेता! अब्बांनी त्याला त्याच पावली हाकललं असतं, लग्न मोडलं असतं... म्हणून ती म्हणाली होती, “मी घासली.”

अब्बांनी धड बघितलंही नाही. गाडीवर ताडपत्री टाकली, पोरीला गॅरेज बंद केलं. ती विश्रामबागेत परक्यांच्या गाड्या चमकवत राहिली, आणि भाऊ इथं मालक होऊन बसला! घर सांभाळायला पोरींनीच जीभ गिळायची, हा कायदा केला कुणी?

आज ताडपत्री निघाली होती. रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. अजमलनं ठरवलेला माणूस उद्या सगळा रंग खरवडून पत्रा उघडा करणार, हे कळताच ती बादली घेऊन आली होती. आणि अब्बांचे हात तर आता थरथरत... तो रंग पुन्हा होणे नव्हता!

“वीतभर जागा द्या, अब्बा. बिघडलं तर पुन्हा तोंड दाखवणार न्हाई.”

“बिघडायचं काय राहिलंय गं आता!” म्हातारा खेकसला. पण बाजूला सरकला.

साबणाच्या पाण्यात भिजवलेला बारीक पेपर डाव्या हातात घेऊन ती हलकेच, सरळ रेषेत घासत राहिली. पुसायची, बघायची, पुन्हा घासायची. मग पॉलिश... आणि त्या वीतभर काळ्या आरशात अब्बांना स्वतःची पांढरी दाढी दिसली!

उरलेलं बॉनेट बघायला त्यांनी ट्यूबलाईट जवळ धरली आणि ते थिजले. ओरखडे कमानीसारखे वळले होते. त्यांनी डावा हात हवेत फिरवला. कमान उलटी पडली. उजवा फिरवला. तंतोतंत जुळली!

“हे उजव्या हाताचं काम हाय... तू तर डावरी! अजमल!!”

गॅरेजच्या दारातला अजमल मान खाली घालून पुढं आला. “मीच, अब्बा... आपानं माझं लगीन वाचवलं, आन् मी तिच्याच जागेवर बसून खाल्लं!”

“आठ वर्षं मी बघितलंच न्हाई गं, बाई...” अब्बांना हुंदका आवरेना. “माफ कर!...”

अकिलाचेही डोळे वाहत होते. पण आवाज कापला नाही. “माफी नको, अब्बा. अख्खं बॉनेट द्या.”

रविवारी गर्दी फियाटपाशीच दाटली. “मिस्त्री, नवा रंग कुणाकडनं मारला?”

“नवा? रंग माझाच, पन्नास वर्षांचा!” अब्बांची छाती फुगली. “जित्ता केला माझ्या पोरीनं! आजपास्नं गॅरेज तिचं!”

सोमवारी पहिली गाडी लागली तेव्हा अजमल तांब्या घेऊन उभा होता.

“आपा... पाणी वतू?”

“वत. आन् आधी पेपर भिजव. कोरडा दिसला, तर ह्या खेपेला अब्बांना मीच सांगीन!”