खाणीच्या वळणावरची हाक

चहा घ्या आधी. तो मोठा दिवा मात्र बंद करा, डोळ्यांवर येतो. कोपऱ्यातला पुरे. पुढच्या शनिवारपासून तुम्ही नवी मंडळी टेकडीवर गस्तीला येणार, म्हणून सांगतो. नाहीतर हा विषय मी सहसा काढत नाही.

ज्याच्यावर ही वेळ आली तो माझा शेजारी. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, त्याचं चष्म्याचं, मध्ये एक भिंत. माणूस सरळ, हसरा, पोटाने जरा पुढे. एकदा बायको त्याला म्हणाली, "दुकानात बसून बसून तुम्ही खुर्चीचा आकार घेतलाय." ते त्याच्या मनाला लागलं. माझ्याकडून एक जुनी दणकट सायकल घेतली आणि गस्तीत नाव दिलं. पगार नाही, भत्ता नाही. नारिंगी जाकीट मिळतं, आणि टेकडीवरच्या सायकलच्या वाटा सांभाळायच्या. पडलेली फांदी बाजूला करायची, पावसाने खचलेली कड बांधून काढायची, कोणी आपटलं तर सावरायचं. त्याच्या पाठोपाठ त्याचा मेहुणाही आला. बायकोचा एकुलता एक भाऊ, इस्पितळात नर्स, तोंडाला विश्रांती नाही. दोघे असले की गस्त कमी आणि हशा जास्त.

अंधारायला लागलं की शेवटची फेरी असते. एकाने माथ्यावरून निघायचं आणि वाटेत कोणी मागे राहिलंय का ते पाहत सावकाश उतरायचं. दुसऱ्याने पायथ्याच्या फाटकाशी स्ट्रेचर घेऊन थांबायचं. तेव्हाची पद्धत अशी की प्रत्येक वळणावर सायकल थांबवून हाक द्यायची, "कोणी आहे का?" जरा कान देऊन ऐकायचं. उत्तर नाही आलं की पुढे.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार होता तो. रात्र बिनचंद्राची. आदल्या दिवशी अवेळी पाऊस होऊन गेलेला, त्यामुळे माती ओली आणि हवेत गारठा. चष्मेवाल्याने दुकान लवकर बंद केलं. बायको म्हणाली, "येताना भावाला जेवायला घेऊन या. इस्पितळातलं खाऊन खाऊन त्याचं तोंड आंबलंय."

"ते बोलून बोलून आंबलं असेल," असं म्हणून तो निघाला.

माथ्यावर पोचेपर्यंत बाकीचे सायकलवाले उतरून गेले होते. वॉकीटॉकीवर मेहुण्याचा आवाज आला.

"दाजी, ब्रेक दाबत दाबत या. मागच्या वेळी तुम्हाला झुडपातून ओढून काढताना माझी कंबर गेली होती."

"तू तेवढा स्ट्रेचरवर झोपू नकोस," तो म्हणाला आणि दिवा लावून उतरायला लागला.

पहिल्या वळणावर हाक दिली. काही नाही. पुढच्या वळणांवरही काही नाही. रातकिडे, टायरखालची माती, एवढंच. मग खाणीचं वळण आलं. तुम्ही ते दिवसा पाहिलंय. वाटेच्या एका अंगाला झाडीत उतरणारी घळ, दुसऱ्या अंगाला दगडाची जुनी खाण. खाण बंद पडून जमाना झाला. कडा सरळ तुटलेला, खाली काळं पाणी. आता तिथे जाळी आहे. तेव्हा नुसते दगड मांडलेले होते.

तो थांबला.

"कोणी आहे का?"

"आहे."

आवाज घळीतून आला. कण्हणारा नव्हता, घाबरलेलाही नव्हता. दार वाजवल्यावर आतून कोणी सहज ओ द्यावी, तसा.

चष्मेवाला दचकला, पण लगेच सावरला. यासाठीच तर येतो आपण.

"लागलंय का?"

"पाय अडकलाय."

त्याने वॉकीटॉकीवर मेहुण्याला सांगितलं. मेहुण्याचा सूर एकदम इस्पितळातला झाला. "त्याला हलवू नका. शेजारी बसा, बोलत ठेवा. मी स्ट्रेचर घेऊन आलोच वर."

सायकल वाटेवर आडवी टाकून चष्मेवाला घळीत उतरला. झाडाच्या बुंध्याला टेकून एक माणूस बसला होता. डोक्याला हेल्मेट, मान खाली, पायांवर सायकल पडलेली. चष्मेवाल्याने हँडल धरून ती उचलायला पाहिली. एका हाताने उचलावी अशी सायकल... पण ती जागची हलली नाही. जमिनीतून उगवल्यासारखी.

त्याने नाद सोडला आणि शेजारी बसला.

"घाबरू नका. माझा मेहुणा येतोय. नर्स आहे तो."

त्या माणसाची मान खालीच.

"एकटेच आला होता?"

"बाकीचे गेले?" त्याने उलट विचारलं.

"गेले."

"सगळे?"

"हो, सगळे."

"मग बरं."

चष्मेवाल्याला ते कसंसंच वाटलं. डोक्याला मार लागला की माणूस काहीबाही बोलतो, असं मेहुण्याकडून त्याने ऐकलं होतं. त्याने स्वतःची तशीच समजूत घातली. हवा गार पडली होती. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

त्या माणसाच्या तोंडातून निघत नव्हती.

"मेहुणा कुठल्या बाजूने येईल?" त्या माणसाने विचारलं आणि पहिल्यांदाच मान वर केली.

चष्मेवाल्याने टॉर्च त्याच्या चेहऱ्यावर धरला. चेहरा साधा होता. कुठे रक्त नाही, ओरखडा नाही. पण ज्याचं आयुष्य लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेलं, त्याची नजर आधी डोळ्यांकडेच जाणार. डोळ्यावर उजेड पडला की बुबुळातली बाहुली आक्रसते. लहान मुलाची आक्रसते, म्हाताऱ्याची आक्रसते, झोपलेल्या माणसाची पापणी उचलून पाहिली तरी आक्रसते.

ह्याची नाही आक्रसली.

टॉर्च जवळ नेला. बाहुल्या तशाच. मोठ्या. काळ्या. आणि त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. खालच्या वाटेकडे लागल्या होत्या.

खालून दिवा वर येत होता.

"दाजी," मेहुण्याची हाक आली. "कुठे आहात?"

चष्मेवाल्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. घशातून नुसती हवा निघाली. पुन्हा जोर केला. पुन्हा हवाच.

आणि तेवढ्यात उत्तर गेलं.

"इथे आहे. सरळ ये."

आवाज त्याचाच होता... त्याचा स्वतःचा. दुकानात रोज गिऱ्हाइकाशी बोलतो तो. पण तो घळीतून गेला नव्हता. वाटेच्या पलीकडून आला होता. खाणीच्या अंगाने.

त्याने शेजारी पाहिलं. त्या माणसाचे ओठ नुकते मिटत होते.

"तिकडे?" मेहुण्याने विचारलं. "दगडांच्या पलीकडे कशाला गेलात?"

शेजारचे ओठ हलले. आवाज तिकडे उठला.

"जमीन सपाट आहे. ये."

दिवा वळला... दगडांकडे. चष्मेवाल्याला वर धावायचं होतं. पाय उचलेनात. त्याला बायकोचा चेहरा दिसला. भावाला जेवायला घेऊन या, म्हणाली होती ती. त्याने ओरडायचा प्रयत्न केला. हवा. पुन्हा हवा. मेहुण्याचा बूट दगडावर चढल्याचा आवाज आला. मग पलीकडे उतरल्याचा.

"अजून पुढे ये," त्याचाच आवाज म्हणाला. अगदी मायेने.

घशात आवाज नव्हता. पण हवा होती...

गस्तीवाल्याच्या गळ्यात शिट्टी असते. त्याने ती चाचपली, तोंडात धरली आणि छातीत होती नव्हती तेवढी सगळी हवा तिच्यात ओतली.

दिवा जागच्या जागी थांबला.

त्याने पुन्हा फुंकली. आणि पुन्हा. थांबलाच नाही. दिवा मागे फिरला. दगड ओलांडून धडपडत घळीकडे आला. मेहुण्याने त्याच्या दंडाला धरलं तेव्हाही तो शिट्टी फुंकतच होता. शेवटी मेहुण्यानेच ती त्याच्या तोंडातून काढली.

बुंध्यापाशी कोणी नव्हतं. सायकलही नव्हती.

मेहुण्याने टॉर्च बुंध्याभोवती फिरवला. मग हळू आवाजात म्हणाला, "दाजी, तुम्हीच बोलावलंत मला."

चष्मेवाल्याने मान हलवली. नाही.

"पुढे पाय टाकत होतो मी. टॉर्च खाली धरला तर... खाली पाणी दिसलं."

दोघे हात धरून उतरले. लहान मुलांसारखे. सायकल, स्ट्रेचर, सगळं तिथेच टाकून. मागून कोणी हाक मारली नाही. पण फाटक येईपर्यंत दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. जेवायला बसले तेव्हा बायकोने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता वाढलं.

चष्मेवाल्याचा आवाज आठवड्याने परतला. सुरुवातीला घोगरा. तो घोगरा होता तोवर त्याची मुलगी दारामागून बाबांची हाक आली की आधी डोकावून बघायची आणि मगच ओ द्यायची. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

तुमच्या मनात काय आलं ते ओळखलं मी. तिथे कोणी मेलं होतं का? आम्हीही चौकशी केली. म्हाताऱ्यांना विचारलं, पोलिसांना विचारलं. त्या वळणावर कोणी गेल्याचं, कोणी हरवल्याचं एकालाही आठवेना. काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं. निदान कोण होतं ते तरी कळलं असतं. तेव्हापासून शेवटच्या फेरीला हाक द्यायची नाही, शिट्टीच मारायची. कोणी शिट्टीला शिट्टीने उत्तर दिलं तरच वाट सोडून खाली उतरायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सायकल आणि स्ट्रेचर आणायला मी गेलो, आणखी दोघांना घेऊन. घळीत चष्मेवाल्याच्या बुटांचे ठसे होते, तो बसला होता तिथलं गवत चेपलेलं होतं. शेजारचं गवत ताठ उभं. मग आम्ही दगड ओलांडून खाणीच्या बाजूला गेलो. मेहुण्याच्या बुटांचे ठसे ओल्या मातीत अगदी स्वच्छ उमटले होते. कडेपर्यंत गेलेले. तिथून मागे फिरलेले.

मी पोटावर पडून खाली वाकून पाहिलं. कड्याचा दगड सरळसोट, भिंतीसारखा, पाय ठेवायलाही जागा नाही. आणि त्या दगडावर चिखलाने उमटलेला टायरचा पट्टा होता. एकच. ओला. खाली पाण्यातून निघालेला, उभाच्या उभा वर आलेला... आणि जिथे मेहुण्याचे बूट थांबले होते, बरोबर त्याच्या खाली हातभर अंतरावर थांबलेला.