टवका असलेला वाडगा

खिंडीत जायचं म्हणजे यांगडोलसाठी रोजचंच काम होतं. याकमागे ती लहानपणापासून तिथे चढत आलेली. आज फक्त पाठीवर शेणीऐवजी लोणी-मिठाच्या चहाची बाटली होती आणि छातीशी, झग्याच्या घडीत, पांढऱ्या कापडात बांधलेला आचोचा लाकडी वाडगा.

आठ दिवसांपूर्वी आचो, म्हणजे तिचा थोरला भाऊ स्तोबदान, बर्फात अडकला होता. सोबतचा रिगझिन धावत खाली आला आणि गावकऱ्यांनी आचोला उचलून आणलं. श्वास चालू, डोळे उघडे. पण माणूस आत नाही. पोथी बघणारे ओनपो मेमे, गावाचे आजोबा, म्हणाले, "जीव खिंडीत राहिलाय. त्याच्या वाडग्यात चहा ओतून बोलवा. एकदाच बोलवता येतं. पौर्णिमेच्या आत."

पौर्णिमा उद्या होती. तरी गावातले म्हातारे सहा दिवस नुसते माळ ओढत बसलेले!

"बाईमाणसानं खिंडीत हाक मारायची नसते," मेमे पुटपुटले होते.

"मग तुम्ही चढा, मेमे. गुडघे माझे घेऊन जा," असं म्हणून ती निघाली.

रिगझिन न सांगता मागे आला. उन्हाळ्यात त्यांचं लग्न ठरलेलं. एरवी वाटभर चिडवणारा, कोणी नसताना तिला 'करडू' म्हणणारा हा माणूस आज खाली मान घालून चालत होता.

"रात्री जेवलास का?"

"हो."

"खोटारडा. तोंड बघ, वाळल्या जर्दाळूसारखं झालंय."

तो हसला नाही.

दुपारी ते वर पोचले तेव्हा धुकं उतरलं होतं. पताका दिसत नव्हत्या, फक्त फडफडत होत्या. ओल्या लोकरीचा वास येत होता, आणि आसपास तर एकही मेंढी नव्हती. यांगडोलनं कापड सोडलं. जन्मात पहिल्यांदा ती आचोच्या वाडग्याला हात लावत होती. ज्याचा वाडगा त्यानंच चाटायचा, त्यानंच छातीशी ठेवायचा. बहिणीनंसुद्धा शिवायचं नाही.

तिनं चहा काठोकाठ ओतला.

"स्तोबदान, घरी चल! स्तोबदान, घरी चल! स्तोबदान…"

"आलो."

आवाज अगदी कानाशी आला. चहा बोटभर खाली गेला होता.

तिनं वळून पाहिलं. रिगझिन दहा पावलं दूर उभा होता, पांढराफटक.

"तू बोललास?"

"नाही… यांगडोल, तो वाडगा त्याचा नाही."

"काय?"

त्यानं छातीतून दुसरा वाडगा काढला. त्याच्या कडेला टवका होता. तिला एकदम आठवलं, आचो बोलताना सारखा अंगठा वाडग्याच्या कडेवर घासायचा.

"दगडी खोपटात होतो आम्ही. बाहेर काहीतरी चालत होतं… मी घाबरलो. अंधारात हाताला लागला तो वाडगा घेऊन पळालो, माझा त्याच्यापाशीच राहिला. तो हाका मारत होता. मी वळलो नाही, करडा."

"आठ दिवस! आठ दिवस तुला माहीत होतं?"

"सांगितलं असतं, तर पळालो हे सांगावं लागलं असतं."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याला कवटाळावंसंही. दोन्ही जमलं नाही. आचोच्या नावानं हाक, रिगझिनचा वाडगा; मग आलं कोण?

"ओत," तो म्हणाला. "सगळा याच्यात ओत."

दुसरं काही सुचेना. तिनं चहा टवक्याच्या वाडग्यात ओतला आणि तळव्यानं झाकून धरला. रिगझिननं आपला रिकामा वाडगा उचलून घेतला. उतरताना तिला मागे पावलं ऐकू येत होती. कधी दोन, कधी चार. वळायचं नव्हतं.

घरी तिनं आचोच्या ओठांवर चहा टेकवला. घसा हलला. पापण्या मिटल्या, पुन्हा उघडल्या. उशाशी बसलेली त्यांची आई, आमा, रडत उठली आणि चुलीकडे धावली.

आचो यांगडोलकडे पाहत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मी वळायला हवं होतं… करडा."

तिनं दाराशी बसलेल्या रिगझिनकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. त्याचा अंगठा आपल्या गुळगुळीत वाडग्याच्या कडेवर काहीतरी शोधत होता.

आमानं दोन्ही वाडगे धुतले, भरले आणि तिच्या पुढ्यात ठेवले. "बघत काय बसलीस ग? ज्याचा वाडगा त्याला दे."

यांगडोलचे हात उचलेनात. तेवढ्यात दोघांनीही हात पुढे केले. दोघांनीही टवक्याच्याच वाडग्याकडे.

दुसरा तिच्या पुढ्यात तसाच राहिला. त्याला कोणी शिवलं नव्हतं. ओल्या लोकरीचा वास आला, आणि त्यातला चहा हळूहळू, घोटाघोटानं, खाली जाऊ लागला.